जांभळाचा बुधला

पार्किंगच्या फरशीवर पुन्हा जांभळे डाग दिसायला लागले आहेत. सकाळी दूध आणायला खाली उतरले तर चपलेला काहीतरी चिकटलं. पाय उचलून पाहिलं, तर जांभूळ. साल एकीकडे, बी एकीकडे. हवेत तो ओळखीचा, जरासा आंबूस वास. अजून चार दिवसांनी तो एवढा वाढेल की वॉचमन नाकाला रुमाल बांधून झाडू मारेल. मी नुसतीच उभी राहिले. दुधाची पिशवी उजव्या हातात होती, ती कधी निसटली ते मला कळलंच नाही. माझ्या उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना काही कळत नाही. याला आता चार वर्षं झाली.

झाड हौसाबाईंचं. कात्रजच्या आमच्या या भागात शेतं होती तेव्हा ते त्यांच्या बांधावर होतं. जमीन बिल्डरला गेली, बदल्यात तळमजल्यावर दोन फ्लॅट आले आणि झाड तेवढं राहिलं, कारण तोडायला माणसं आली तेव्हा हौसाबाई बुंध्याला पाठ लावून बसल्या. "माझ्या सासऱ्यानं लावल्यालं हाय ह्ये. आधी मला तोडा." दरवर्षी सोसायटीच्या जूनच्या बैठकीत कुणीतरी गाड्यांवर डाग पडतात म्हणून हा विषय काढतंच. माझे वडील, अण्णा, एकदा उठून म्हणाले होते, "सोपं आहे. गाड्या विका." त्यानंतर बैठकीची सूचना आमच्या दारावर लागायची बंद झाली.

अण्णांनी छत्तीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात काढली. काम एकच. पट्ट्यावरून सरकत येणारी प्रत्येक बाटली उजेडासमोर बघायची आणि खोट असेल ती बाजूला काढायची. काचेत अडकलेला बुडबुडा, न वितळलेला खडा, केसाएवढी चीर. निवृत्त झाल्यावरही डोळ्यांची ती सवय गेली नाही. कुणाकडेही पाण्याचा पेला पुढे आला की आधी खिडकीकडे धरायचे, एकदा फिरवायचे, मगच ओठाला लावायचे. आई वैतागायची. "अहो, पाणी प्यायचंय. पास-नापास नाही करायचंय."

आई गेल्यावर आमच्या घरातलं बोलणंच गेलं. मी लग्न केलं नाही, घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी करते. अण्णा बाहेरच्या खोलीत, मी आत संगणकापुढे. जेवायला या, औषध घेतलं का, दार लावून घ्या, एवढ्यावर दिवस सरायचा. रविवारी तेवढे रफीककाका यायचे. हे अण्णांचे कारखान्यातले मित्र. तयार बाटल्या सावकाश थंड करायच्या लांबलचक भट्टीवर ते असायचे. कसबा पेठेपलीकडच्या त्यांच्या घरातून बस बदलून यायचे, दोन तास बसायचे आणि जायचे. बाहेरच्या खोलीतून त्या दोन तासांत जेवढे शब्द ऐकू यायचे, तेवढे आम्हा दोघांत आठवडाभरात होत नसत.

त्या वर्षी मे महिन्यात माझ्याकडे एक छोटी पुस्तिका जुळणीला आली. घरच्या घरी फळांची वाइन कशी करावी. जेवताना मी अण्णांना सहज सांगितलं, जांभळाचीही करतात म्हणून. आम्ही दोघंही पिणारे नव्हतो. मला वाटलं, नाक मुरडतील. त्यांनी घास हातातच ठेवला आणि विचारलं, "ठेवायची कशात?"

त्यांना वाइनशी काही घेणंदेणं नव्हतं. भांड्याशी होतं. आई गेल्यापासून त्यांनी मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता, म्हणून मी उत्तर शोधायला लागले.

पुढचे आठ दिवस आम्ही दोघं स्कूटरवरून भांडं शोधत फिरलो. अण्णांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, तेव्हा स्कूटर मी चालवायची आणि मागे बसून रस्ता त्यांनी सांगायचा. कसब्यात तांबटांच्या दुकानात एक देखणी घागर होती. म्हाताऱ्या तांबटानंच आम्हाला परतवलं. "आंबट ठेवायचंय? मग माझ्याकडे कशाला आलात? कल्हई उडाली की आत विष होतं." कुंभाराचा माठ अण्णांनी बोटानं वाजवून पाहिला, आवाजावर खूश झाले आणि खाली ठेवला, कारण माठ पाझरतो, आणि त्याच्या छिद्रांत जे एकदा शिरलं ते धुऊन निघत नाही. चिनी मातीच्या बरणीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. आत हात घालून झिलई चाचपली. "चांगली आहे. पण आत चीर गेली तर मला दिसणार नाही. न दिसणाऱ्या भांड्यात मी काही ठेवत नाही."

भंगारवाल्याकडे निळी पिंपं रचून ठेवलेली होती. अण्णांनी एकाचं झाकण काढलं, वास घेतला.

"यात आधी काय होतं?"

"काय नाय साहेब, धुतलंय एकदम."

"धुतलंय ते दिसतंय. काय होतं, ते विचारलं."

तो हसला. अण्णा नाही हसले. परत येताना मागून म्हणाले, "प्लॅस्टिक आतलं पीत असतं. औषधाचं पिंप असेल तर तुझ्या वाइनमध्ये औषध." मग थोड्या वेळानं, "सुमे, भूक लागली गं." मला आठवतं, ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आई गेल्यापासून त्यांना भूक लागल्याचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात तो मिळाला. अण्णा त्याला बुधला म्हणायचे. पंचवीस लिटरचा, अरुंद मानेचा, पाण्यासारख्या स्वच्छ काचेचा. त्यांनी तो दुकानाबाहेर उन्हात आणायला लावला आणि गुडघ्यावर बसून पाऊण तास बघितला. दुकानदार कंटाळून आत गेला. मी छत्री धरून उभी होते. त्यांनी तळ पाहिला, खांदा पाहिला, मानेवरून बोट फिरवलं, बोटाच्या पेरानं चारी बाजूंनी वाजवलं. मग उठून माझ्याकडे बघून म्हणाले, "पास." तो चेहरा मी पुष्कळ वर्षांनी बघत होते.

हौसाबाईंनी जांभळं काढायला त्यांच्या घरातली काठी दिली, खाली धरायला जुनं लुगडं दिलं आणि वर टोमणाही दिला. "दारू गाळताय व्हय अण्णा, या वयात?" दोन दिवस आमची नखं, ओठ, ओट्याची फरशी, सगळं जांभळं झालं होतं. पहिला आठवडा रस खाण्याचे पदार्थ ठेवायच्या बादलीत, वर स्वच्छ फडकं बांधून. आत बोटांनी कुस्करलेला गर वर यायचा, फुगायचा. सकाळ-संध्याकाळ आम्ही तो उकळलेल्या चमच्यानं खाली दाबायचो. आठव्या दिवशी रस गाळून बुधल्यात ओतला. तोंडाला रबरी बूच, बुचातून नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत.

"ठार बंद करायचं नाही कधी," अण्णा सांगायचे. "आत जीव आहे. त्याला श्वास सोडायला वाट पाहिजे, नाहीतर भांडं घेऊन फुटेल." बुधला त्यांनी दुधाच्या क्रेटमध्ये ठेवला होता, खाली जुनी सतरंजी घालून. "उचलायचा तर क्रेटसकट, आणि दोघांनी. मानेला धरून कधीही नाही. ओल्या हातानं तर नाहीच." रात्री दिवे मालवले की पाण्याच्या बाटलीतून आवाज यायचा, डुब्, मग थोडं थांबून परत डुब्. मी आतल्या खोलीत आणि अण्णा बाहेर, आम्ही दोघं तो आवाज ऐकत पडलेले असायचो. कधी बाहेरून हाक यायची, "ऐकतेस ना?" मी म्हणायचे, "हो."

तेवढंच. पण तो महिना मला आमच्या घरातला सगळ्यात सुखाचा महिना वाटतो. तो तसा होता याची तेव्हा मला कल्पनाही नव्हती.

रफीककाकांना अण्णांनी मोठ्या थाटात बुधला दाखवला. काका लांबूनच म्हणाले, "मला तुझी वाइन नको. बिघडून शिरका, तुमचं ते व्हिनेगर, झालं तर बाटलीभर दे." आणि वाकून काच बघितली. "काच मात्र अस्सल आहे, दत्ता." अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो बुधला त्यांनीच फुंकून केला होता.

आषाढात एके दिवशी रस निवळला. गाळ तळाशी बसला होता. आम्ही वरचा रस नळीनं लहान लहान बाटल्यांत काढून घेतला आणि रिकामा बुधला धुवायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा डोळे दाखवायला एकटेच रिक्षानं गेले. जाताना म्हणाले, "राहू दे तो. आल्यावर मी धुतो." मला वाटलं, ते यायच्या आत लख्ख करून ठेवावा. त्यांनी तो उजेडाकडे धरून बघावा.

तळाला जांभळा गाळ चिकटून बसला होता. ब्रश पोचेना. गार पाणी घालून हलवलं, निघेना. मग मी पातेलं भरून पाणी उकळलं. ती पुस्तिका मी दोन महिन्यांपूर्वीच जुळवली होती. त्यात एक वाक्य होतं, काचेच्या भांड्यात उकळतं पाणी ओतू नये. ते वाक्य या बोटांनीच टाइप केलेलं होतं. पण टाइप करताना माणूस अक्षरं बघतो, वाक्य वाचत नाही. मी नसराळं लावलं आणि पाणी ओतलं.

एक बारीकसा आवाज झाला. टिक्. मला वाटलं, नसराळं हललं. मी बुधला कवेत घेऊन मोरीकडे न्यायला उचलला, आणि तळ तसाच खाली राहिला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पायावर कढत पाणी. मनगटाशी थंड वाटलेलं काहीतरी. फरशीवर जांभळं पाणी, आणि त्यात दुसरा रंग. मी दार उघडून जिन्यात गेले आणि ओरडले. हौसाबाई वर आल्या, त्यांनी पदर फाडून माझं मनगट आवळलं. "बघू नगंस. माझ्याकडं बघ," असं म्हणत त्याच मला रिक्षातून घेऊन गेल्या.

मनगटातली नस तुटली होती, शस्त्रक्रिया झाली. अण्णा आले तेव्हा माझा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. ते पलंगाच्या कडेला उभे राहिले. काही विचारायच्या आत मी म्हणाले, "आपोआप फुटला, अण्णा. मी नुसता उचलला."

का म्हणाले? एक्केचाळीस वर्षांची बाई मी. त्यांनी सांगितलं होतं, राहू दे. मी ऐकलं नव्हतं. पुस्तिकेतलं वाक्य मला तेव्हा, त्या पलंगावर, टाइप करतानाच्या चुकांसकट आठवत होतं. मला फक्त त्या क्षणापुरता ओरडा चुकवायचा होता. लहान मूल फुलदाणी फोडून म्हणतं तसं म्हणाले मी. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

घरी आले तेव्हा फुटक्या काचेचा एक कणही घरात नव्हता. कामवालीला हात लावू न देता सगळं त्यांनीच उचललं होतं. त्या लहान बाटल्यांतली वाइनही नव्हती. मी विचारलं नाही.

त्यानंतर अण्णांनी काचेचा पेला उजेडाकडे धरणं सोडलं. हे लक्षात यायला मला थोडे दिवस लागले. समोर येईल ते पाणी ते मुकाट्यानं प्यायचे. मला वाटलं, त्यांना वाटतंय की त्यांची नजर चुकली. पाऊण तास बघून ज्याला पास म्हटलं, त्यातली चीर त्यांना दिसली नाही. छत्तीस वर्षांची पुण्याई माझ्या एका वाक्यानं मी पुसून टाकली. एकदा कुणीतरी चष्म्याची चौकशी केली, तर म्हणाले, "डोळ्यांचं काय घेऊन बसलात." ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

तेव्हा सांगायला हवं होतं. सांगायचं ठरवायचे मी. आज जेवताना. आज दिवे लागल्यावर. हाताच्या व्यायामाला ते माझ्याबरोबर यायचे. तिथल्या बाकावर बसून, व्यायाम करून घेणारी बाई माझं एकेक बोट कसं वाकवते ते मन लावून बघायचे आणि घरी आल्यावर तसंच करून घ्यायचे. कणीक मला मळता येईना म्हणून बहात्तराव्या वर्षी ते कणीक मळायला शिकले. पहिल्या पोळ्या पापडासारख्या व्हायच्या. "खा," म्हणायचे, "नापास आहेत, पण खा." मी हसायचे आणि सांगायचं राहून जायचं. जितकं ते करायचे, तितकं ते वाक्य जड व्हायचं.

कामात माझी उजवी करंगळी पोचेना. तिच्या वाटणीची अक्षरं गळायची. पानंच्या पानं अशी जायची की कानामात्रा नाहीत. अण्णांनी शेजारी खुर्ची ओढली आणि मुद्रितं तपासायला घेतली. एकेक पान ते तीनतीनदा बघायचे. दोनदा बघून झाल्यावर मी म्हणायचे, "बास की, अण्णा." ते म्हणायचे, "राहून जातं गं काहीतरी." आणि मी मान फिरवायचे. मला वाटायचं, बुधल्याबद्दलच बोलताहेत.

असे आणखी तीन पावसाळे गेले. दरवर्षी जांभळं पडली, कुजली, झाडली गेली. आम्ही दोघांनीही ती उचलली नाहीत. गेल्या हिवाळ्यात अण्णांना साधा ताप आला, तो छातीत उतरला आणि नवव्या दिवशी ते गेले. शेवटचे तीन दिवस बोलणं बंद होतं. मी त्यांचा हात माझ्या डाव्या हातात धरून बसायचे, कारण उजव्या हातात धरलेलं मला पुरतं कळत नाही. त्या तीन दिवसांत मी त्यांना दहा वेळा सांगितलं असेल. उकळतं पाणी ओतलं होतं अण्णा, काच चांगली होती, तुमचं चुकलं नव्हतं. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

रफीककाकांना तेव्हा येता आलं नव्हतं. त्यांची स्वतःची हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि ते सोलापूरला मुलीकडे होते. ते काल आले. काठी टेकत, दोनदा जिन्यात थांबत. बाहेरच्या खोलीत त्यांच्या नेहमीच्या जागी बसले, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मी चहा आणला. कप डाव्या हातानं पुढे केला, ते त्यांनी पाहिलं.

मला राहवलं नाही. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "काका, तो बुधला आपोआप नव्हता फुटला. मी त्यात उकळतं पाणी घातलं होतं. अण्णांना कधी सांगितलं नाही. ते स्वतःच्या डोळ्यांना दोष देत गेले."

काकांनी कप खाली ठेवला.

"बस, बेटा."

मी बसले.

"त्याला माहीत होतं. तू दवाखान्यात होतीस, दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. तळाचा तुकडा घेऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून. म्हणाला, रफीक, बघ. मी काय बघणार? काच कशानं फुटली ते तिच्या कडेवर लिहिलेलं असतं. मार लागला किंवा आत खोट असली तर एका जागेवरून चिरा फाकतात. गरम पाण्यानं गेली तर चीर वळणावळणानं जाते आणि कड एकदम गुळगुळीत. भट्टीवर आम्ही रोज बघायचो. आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं, गरम पाणी."

"मग ते मला बोलले का नाहीत?"

"मी तेच म्हटलं त्याला. तो म्हणाला, पोरगी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोलली. एवढं लागलंय तिला. वर आणखी मी कशाला टोचू?" काका थांबले, दम घेतला. "आणि डोळ्यांचं नव्हतं गं त्याचं. तो म्हणायचा, मी छत्तीस वर्षं कुणाकुणाच्या हातांसाठी बाटल्या तपासल्या. माझ्या पोरीला मान धरू नको म्हटलं, ओला हात लावू नको म्हटलं, बूच घट्ट लावू नको म्हटलं. आणि गरम पाणी घालू नको, एवढं एक सांगायचं विसरलो. कारखान्यात ते कुणाला सांगावं लागत नाही ना. म्हणून राहिलं."

म्हणजे ते मुद्रित तीनदा तपासत होते ते त्यासाठी. राहून जातं गं काहीतरी.

मला रडू आलं नाही. मी विचारलं, "त्यांना ते मला कधी सांगावंसं वाटलं नाही?"

"दर रविवारी," काका म्हणाले. "दर रविवारी म्हणायचा, सुमा आपणहून बोलली की मी तिला सांगणार आहे, चूक तुझी नाही, माझी. तिला सुरुवात करू दे. मी घाई केली तर तिला खोटं पकडल्यासारखं होईल. तू चहा ठेवून आत जायचीस ना, तेव्हा तुझ्या दाराकडे बघत बोलायचा."

दर रविवारी मी चहा ठेवायचे आणि आत जाऊन दार लोटून घ्यायचे. त्या दोघांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून.